नववीच्या भूगोलातली गर्दी

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आमचे अमेरिकेतले क्लायंट सुट्टीवर जातात. त्यामुळे दिवाळीपेक्षा नाताळात मला गावी जास्त दिवस राहायला मिळतं. २०२४च्या डिसेंबरात असाच वाशीम जिल्ह्यात, मालेगाव तालुक्यातल्या आमच्या घरी होतो. शाळेतला एक जुना मित्र जवळच्या गावात माध्यमिक शाळेवर भूगोल शिकवतो. त्याचा फोन आला. "उद्या नववीले नागरीकरणाचा धडा घेऊन रायलो. तू ये. तू त शहरात रायतं, पोट्ट्यायले सांग शहर कसं असते ते."

गेलो. मित्रानं हजेरी घेतली. पटावर अडतीस, वर्गात सत्तावीस. मला वाटलं, तुरीच्या कामाला गेली असतील, आम्हीही जायचो. तास सुरू होण्याआधी विचारलं, बाकीचे कुठे? तो फळा पुसता पुसता म्हणाला, "जगायले गेले."

आणि मग त्यानं फळ्यावर लिहिलं : नागरीकरण. त्याखाली : स्थलांतर.

गेले काही महिने हा प्रसंग डोक्यातून जात नाही. म्हणून मी ते पुस्तक विकत घेतलं आणि तो धडा नीट वाचला. आपण कथा-कादंबऱ्यांवर, सिनेमांवर पानंच्या पानं लिहितो. पण राज्यातली लाखो मुलं जे पुस्तक पाठ करतात त्याच्यावर टीका म्हणजे फार तर 'आकडा चुकला' किंवा 'नकाशा चुकला' अशी बातमी. पाठ्यपुस्तक हेही लेखन आहे. त्यालाही निवेदक असतो, त्याच्याही वाक्यांना कर्ता असतो किंवा नसतो.

बालभारतीचं नववीचं भूगोलाचं हे पुस्तक २०१७पासून चालू आहे. धडे बारा, त्यात 'नागरीकरण' दहावा. हा क्रमांक वरवर निरुपद्रवी वाटतो. पण दहावा धडा म्हणजे दुसरं सत्र, दुसरं सत्र म्हणजे दिवाळीनंतर, आणि दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या गाव सोडतात. म्हणजे ज्या मुलांविषयी हा धडा आहे, ती तो शिकवला जाताना वर्गात नसतात. हे कुणी मुद्दाम केलेलं नाही. पण पुस्तकाच्या रचनेत ज्याचा विचारच झालेला नाही, ते बहुधा असंच कुठेतरी उघडं पडतं.

आधी पुस्तकाची बाजू. मी शाळेत होतो तेव्हाच्या भूगोलापेक्षा हे पुस्तक कितीतरी बरं आहे. छपाई चांगली, नकाशे स्वच्छ, प्रश्न विचार करायला लावण्याचा प्रयत्न करणारे. आठवीच्या आणि दहावीच्या पुस्तकांत तर 'क्षेत्रभेट' हा अख्खा धडा आहे : बाहेर जा, लोकांना विचारा, नोंदी करा. नागरीकरणाच्या धड्यातही नुसती रड नाही. शहरानं काय मिळतं तेही सांगितलं आहे. कारणं आहेत, फायदे आहेत, समस्या आहेत. समस्यांमध्ये झोपडपट्टी, वाहतुकीची कोंडी, प्रदूषण, गुन्हेगारी. यातलं काही खोटं नाही.

अडचण कॅमेऱ्याची आहे. हा धडा शहरात उभं राहून लिहिला आहे. माणसं येतात, ती येताना दिसतात. कुठून निघाली, निघताना घराची कडी कुणी लावली, म्हातारीजवळ कोण राहिलं, हे चौकटीबाहेर आहे. क्रियापदं बघा : वाढते, वाढतो, पडतो, निर्माण होतात. झोपडपट्टी आपोआप 'निर्माण होते'. ती कुणी बांधत नाही, तिच्या जागेचं भाडं कुणी घेत नाही, तिच्यातल्या माणसाला कुणी कामावर ठेवत नाही. ताण 'पडतो', आणि तो सेवांवर पडतो, माणसावर पडत नाही. पुण्या-मुंबईच्या मुलानं हे वाचलं तर त्याला कळतं की आपल्या शहरात गर्दी का झाली. मालेगाव तालुक्यातल्या मुलानं वाचलं तर त्याला कळतं की आपला मामा म्हणजे ती गर्दी. तो हे मोठ्यानं म्हणत नाही. तो उत्तर पाठ करतो.

हा कॅमेरा बालभारतीनं शोधलेला नाही. पॉल अर्लिक या अमेरिकन जीवशास्त्रज्ञाचं लोकसंख्येच्या बॉम्बवरचं पुस्तक १९६८ साली आलं आणि जगभर गाजलं. त्याची सुरुवात दिल्लीत होते : उकाड्याची रात्र, टॅक्सीत लेखकाचं कुटुंब, आणि खिडकीबाहेर माणसंच माणसं. त्या दृश्यावर पुढचा सगळा युक्तिवाद उभा आहे. तेव्हाची दिल्ली पॅरिसपेक्षा बरीच लहान होती. पॅरिसच्या गर्दीवर मात्र कुणी असं पुस्तक लिहिलं नाही. सत्तरच्या दशकात कोट्यवधी लोक भुकेनं मरतील हे त्याचं भाकीतही तसं खरं ठरलं नाही. पण टॅक्सीची ती खिडकी टिकून राहिली. एनसीईआरटीनं १९८०मध्ये लोकसंख्या शिक्षणाचा राष्ट्रीय प्रकल्प सुरू केला तो संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीच्या मदतीनं, आणि तेव्हापासून शाळेतल्या मुलांना लोकसंख्या ही बहुतेक वेळा खिडकीतूनच दाखवली गेली.

मी नववीत होतो तेव्हा, ३१ ऑक्टोबर २०११ला, जगाची लोकसंख्या सात अब्ज झाल्याचं संयुक्त राष्ट्रांनी जाहीर केलं. त्या वर्षीच्या वक्तृत्व स्पर्धेत मी लोकसंख्येच्या विस्फोटावर बोललो आणि दुसरा आलो. भाषणात 'लोंढे' हा शब्द चार वेळा होता, हे मला आठवतं, कारण सरांनी तो ठासून म्हणायला शिकवला होता. लोंढा पाण्याचा असतो. त्याला चेहरा नसतो, त्याला अडवायचं असतं. मी ज्या गावात उभा राहून हे बोलत होतो तिथून दर वर्षी ट्रॅक्टर भरून माणसं जात होती, आणि माझ्या डोक्यात क्षणभरही आलं नाही की लोंढा इथूनच निघतो.

आमच्याकडे स्थलांतर हा शब्द कुणी वापरत नाही. 'जगायला गेले' म्हणतात. मराठवाड्यात, वऱ्हाडात, सगळीकडे हेच. या दोन शब्दांतलं अंतर म्हणजे त्या धड्यातली उणीव आहे. स्थलांतर म्हणजे स्थळ बदललं. नकाशावर एक बाण काढला की झालं. 'जगायला गेले' यात इथं जगणं होत नव्हतं हे आहे, परत येणार हेही आहे.

पुस्तकात कारण म्हणून रोजगार येतो. पण एक शब्द म्हणजे कारण नव्हे. वाशीम जिल्ह्यात ते कसं घडतं ते बघा. आमचा जिल्हा कोरडवाहू. माझ्या आजोबांच्या काळात शेतात कापूस आणि ज्वारी. कापसाची वेचणी एकदाच होत नाही. बोंडं फुटतील तसे वेचे होतात, दिवाळीपासून थेट माघ-फाल्गुनापर्यंत, आणि ते काम बहुतेक बायांचं. म्हणजे थंडीतही गावात मजुरी होती. नव्वदच्या दशकापासून सोयाबीन पसरलं. सोयाबीन शंभर-एकशेदहा दिवसांत उभं शेत एकदम कापणीला येतं. आठ-पंधरा दिवस मजूर मिळत नाही इतकी घाई, मग मळणीयंत्र, आणि त्यानंतर काही नाही. ज्याच्याकडे विहिरीला पाणी आहे तो हरभरा-गहू पेरतो. ज्याच्याकडे नाही, किंवा शेतच नाही, त्याच्यासाठी ऑक्टोबरच्या शेवटी वर्ष संपतं. त्यात भाव. २०२४-२५साठी सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल होता आणि त्या हंगामात बाजारात शेतकऱ्यांनी त्याखालीच विकलं. नववीतल्या मुलाला हे सगळं माहीत असतं. त्याला फक्त हे माहीत नसतं की हा भूगोल आहे.

एवढी कारणमीमांसा पुस्तकात मावणार नाही, असं कुणी म्हणेल. पण हाच विद्यार्थी पुढच्या वर्षी दहावीत भारत आणि ब्राझील यांची तुलना शिकतो. ब्राझीलची माणसं किनाऱ्याजवळ का दाटली आणि आतला प्रदेश विरळ का राहिला, हे तो दोन-तीन धड्यांतून वाचतो. साओ पावलोला जागा मिळते. हे वाईट नाही. मला तो ब्राझीलचा भाग आवडला. पण ब्राझीलसाठी जे कुतूहल पुस्तक दाखवतं ते मानोऱ्यासाठी दाखवत नाही.

आता थोडं माझ्या धंद्यातलं. डेटाबेस मांडताना आम्ही पहिला प्रश्न विचारतो : एक ओळ म्हणजे काय? एक ओळ म्हणजे एक ग्राहक, की एक व्यवहार, की एक पत्ता? हे चुकलं की पुढे कितीही हुशार प्रोग्राम लिहा, उत्तर चुकीचंच येतं. लोकसंख्येच्या बाबतीत जनगणनेची एक ओळ म्हणजे एक माणूस. शाळेची ओळ म्हणजे पटावरचं एक नाव. आणि मुकादमाची ओळ म्हणजे एक कोयता. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल त्या जोडीला मिळते. एकटा गडी अर्धा कोयता. तिसरीतला मुलगा या हिशेबात शून्य आहे आणि नववीतली मुलगीही शून्य आहे, जरी भल्या पहाटे उठून भाकरी तीच टाकत असली आणि दिवसभर कोपीवर धाकट्याला तीच सांभाळत असली.

जनगणनाही याबाबतीत फार सुटलेली नाही. नगर कशाला म्हणायचं याची जनगणनेची व्याख्या धड्यात दिली आहे : लोकसंख्या किमान पाच हजार, घनता चौरस किलोमीटरला किमान चारशे, आणि काम करणाऱ्या पुरुषांपैकी पंचाहत्तर टक्के शेतीबाहेरच्या कामात. पुरुषांपैकी. बायका दिवसभर काय करतात यावरून गाव शहर ठरत नाही. धडा ही व्याख्या देतो आणि पुढे जातो. माझ्या मते या एका शब्दावर एक तास खर्च करता आला असता, आणि मुलींनी तो घेतला असता.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा लक्षात आली. २०११ची माणसांची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली. नियम असा की त्या पूर्ण काळात घरी नसलेला माणूस जिथं असेल तिथं मोजायचा. फेब्रुवारीत ऊसतोड ऐन भरात असते. म्हणजे वाशीम जिल्ह्याची जी लोकसंख्या आम्ही स्पर्धा परीक्षांसाठी पाठ करतो, ११ लाख ९७ हजार १६०, ती जिल्ह्यातली एक मोठी टोळी बाहेर असताना मोजलेली आहे. नियमानं ती माणसं सांगली-कोल्हापूरच्या फडांवर मोजली जायला हवीत. गावकुसाबाहेरच्या पाचटाच्या कोप्यांपर्यंत मोजणारा पोचला असेल तर.

त्या जनगणनेच्या वेळी आजची नववी-दहावीतली मुलं पाळण्यात होती, किंवा नव्हतीच. २०२१ची जनगणना झालीच नाही. आता पुढची १ मार्च २०२७ ही तारीख धरून होणार आहे. त्यामुळे धड्यातले आकडे २०११पर्यंतचे असणं हा पुस्तकाचा दोष नाही. पण जे आकडे हाताशी होते त्यांच्यातलं नाट्य तरी दाखवायला हवं होतं. २००१ ते २०११ या दशकात मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या वाढली नाही, साडेसात टक्क्यांनी घटली. कुलाबा ते माहीम-सायन हा आपल्या डोक्यातला गर्दीचा गाभा, तिथं माणसं कमी झाली. त्याच दशकात ठाणे जिल्हा छत्तीस टक्क्यांनी वाढला, पुणे तीस टक्क्यांनी. गिरण्यांच्या जागी मॉल आणि मनोरे आले आणि गिरणगाव डोंबिवली-विरारकडे सरकलं. 'शहरात गर्दी वाढते' या वाक्याखाली ही सगळी गोष्ट गाडली जाते. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग याच दशकात घटले. तिथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला गेली, आणि मराठीनं त्यांच्यासाठी एक मानाचा शब्द केला, चाकरमानी. गणपतीला त्यांच्यासाठी जादा गाड्या सुटतात. आमच्या तांड्यांवरून, वस्त्यांवरून जाणाऱ्यांसाठी असा शब्द झाला नाही. जादा गाडी म्हणजे मुकादमाचा ट्रक.

आणि विस्फोटाचं म्हणाल, तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्राचा एकूण जननदर १.७ आला. लोकसंख्या आहे तेवढीच राहायला सुमारे २.१ लागतो. वाशीमची घनता २०११मध्ये २४४ होती, राज्याची ३६५. आमच्या भागातल्या शाळांना गर्दीची चिंता नाही, पटाची आहे. २०२३मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा प्रस्ताव शासनानं आणला तेव्हा गुरुजींच्या तोंडचं पाणी पळालं होतं. मुलं कमी म्हणून शाळा राहील की नाही याची धाकधूक, आणि ११ जुलैला त्याच शाळेत लोकसंख्येच्या राक्षसावर निबंध. कुणाला हसूही आलं नाही.

हे वेगळ्या तऱ्हेनं बोलण्याची परंपरा मराठीत नव्हती असं नाही. रघुनाथ धोंडो कर्वे गणिताचे प्राध्यापक होते. त्यांनी १९२१मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७ पासून मरेपर्यंत, म्हणजे १९५३पर्यंत, 'समाजस्वास्थ्य' चालवलं, त्यापायी नोकरी गेली, खटले झाले. देशाची गर्दी हा कर्व्यांचा मुख्य मुद्दा नव्हता. मूल कधी व्हावं आणि व्हावं का, हे बाईनं ठरवावं हा होता. पुढे आणीबाणीत १९७६मध्ये याच महाराष्ट्राच्या विधिमंडळानं सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झालं नाही. माणसाकडून आकड्याकडे हा प्रवास पन्नास वर्षांचा आहे. नववीच्या वर्गात तो सांगता येणार नाही, असं मला वाटत नाही.

साहित्यात तर कॅमेरा जाणाऱ्याच्या हातात केव्हाच आला. अण्णाभाऊ साठे वाटेगावहून वडिलांबरोबर पायी मुंबईला गेले आणि पुढे गावी राहिलेल्या मैनेवर त्यांनी छक्कड लिहिली. मराठीच्या तासाला मुलं अण्णाभाऊंचं नाव ऐकतात, भूगोलाच्या तासाला 'स्थलांतराचे परिणाम' लिहितात. मधली घंटा वाजली की एक माणूस दुसऱ्या तासात आकडा होतो.

एवढं सगळं बोलणाऱ्या माझं काय? मी पुण्यात हिंजवडीला काम करतो. पुणे–वाशीम ट्रॅव्हल्सनं रात्री निघतो, जालना, मेहकर करत सकाळी मालेगावला उतरतो. मीही जगायलाच गेलो आहे, पण माझ्याबद्दल गावात कुणी तसं म्हणत नाही. 'पुण्याले जॉबले आहे' म्हणतात. पुस्तकही माझ्याकडे त्याच नजरेनं बघतं. मी आधुनिकीकरणात मोडतो, कोंडीत नाही, जरी वाकडच्या पुलावर रोज सकाळी मी एकटा एका चारचाकीत बसून असतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीच्या बैठकीत मागच्या पत्र्याच्या खोल्यांचा विषय निघाला. चोऱ्या, कचरा, पाण्याचा टँकर. मी हात वर करून म्हणालो होतो की बाहेरच्या लोकांची नोंद ठेवायला हवी. ठरावात माझं नाव अनुमोदक म्हणून आहे. नंतर कळलं की त्या खोल्यांतली दोन कुटुंबं मंगरुळपीर तालुक्यातली आहेत. आमच्याच मागच्या इमारतीचं सेंट्रिंग करायला आलेली. कसं कळलं? त्यातली बाई टँकरपाशी पोरावर ओरडली, "काऊन तठी उभा हायस बे?" तो 'काऊन' ऐकून मी थांबलो. ओळख काढायला मात्र गेलो नाही. तेव्हा मला वाटलं होतं घाई होती.

परत वर्गात. मित्रानं मला बोलायला उभं केलं आणि मी हिंजवडी, मेट्रोचं काम, भाडी वगैरे सांगत होतो. मुलं शांत. मग मीच कंटाळून विचारलं, "तुमच्या घरचं कोण कोण बाहेर आहे? आणि कुठे?" पहिली दोन मिनिटं कुणी बोललं नाही. मग एकानं 'चाकण' म्हटलं. काका, गाड्यांच्या कंपनीत. मग नावं यायला लागली : भिवंडी, कल्याण, बारामती, सुरत, नागपूर, हैदराबाद. मित्रानं फळ्यावर महाराष्ट्राचा वेडावाकडा आराखडा काढला आणि मुलांनी येऊन ठिपके दिले. एका मुलीनं विचारलं, आई लग्न करून हिंगोलीहून आली, तो ठिपका देऊ का? मित्र माझ्याकडे बघायला लागला. दे म्हटलं. देशात जनगणनेनं मोजलेल्या स्थलांतरितांमध्ये सगळ्यात मोठा गट लग्न होऊन गेलेल्या बायकांचाच आहे. त्यानंतर फळ्यावर इतके ठिपके झाले की जवळपास प्रत्येक पोराच्या घरात एकतरी आलेलं किंवा गेलेलं माणूस निघालं. ज्या घरांतली मुलंच वर्गात नव्हती, त्यांचे ठिपके त्यांच्या मित्रांनी दिले. "सर, तो कराडकडं हाय. फोन केलता त्यानं."

मागच्या बाकावरच्या एकानं मला विचारलं, "सर, तुमी वापस येसान का?" मी म्हटलं, बघू. तो हसला. त्याला उत्तर कळलं होतं.

तास संपल्यावर मित्राला विचारलं, जी मुलं गेली त्यांचं काय होतं? त्यानं व्यवस्थेची सगळी नावं सांगितली. शिक्षण हमी पत्रक : मूल कुठंही गेलं तरी तिथल्या शाळेनं ते बघून दाखल करून घ्यायचं. हंगामी वसतिगृह : आईबाप गेले तरी मूल गावात राहावं म्हणून. कारखान्यांवरच्या साखरशाळा. "पण हे सगळं आठवीलोक. शिक्षण हक्काचा कायदा चौदा वर्षापर्यंत. नववीचं पोट्टं गेलं त गेलं." ज्या वर्षी पुस्तक त्याला स्थलांतर शिकवतं, त्याच वर्षी त्याचं स्थलांतर कायद्याच्या नजरेतून सुटतं.

मी विचारलं, मग हा धडा जूनमध्ये का घेत नाहीस? पोरं असतात तेव्हा. तो म्हणाला, नियोजन वरून येतं, घटक चाचणीचा अभ्यासक्रम ठरलेला असतो. मग थोडा वेळ थांबून म्हणाला, "घेता येईन म्हना. कोण येऊन पाहते?"

एप्रिलमध्ये त्यानं व्हॉट्सॲपवर एका उत्तरपत्रिकेचा फोटो पाठवला. वार्षिक परीक्षा, नागरीकरणाच्या समस्यांवर तीन गुणांचा प्रश्न. लिहिणारी मुलगी डिसेंबरातल्या त्या अकरा जणांपैकी. मार्चअखेर परत आली आणि परीक्षेला बसली. धडा तिनं वर्गात ऐकला नव्हता. तिनं लिहिलं होतं की त्यांची कोपी एका तालुक्याच्या गावाबाहेर नव्या ले-आऊटच्या शेजारी होती. तिथं प्लॉट पाडले होते, रस्ते होते, दिवे होते, पण घरं नव्हती. रात्री रिकाम्या प्लॉटवर उजेड असायचा आणि कोपीत अंधार. पाणी ले-आऊटच्या नळावरून आणलेलं चालायचं नाही म्हणून कॅनॉलवर जावं लागायचं. शेवटी लिहिलं होतं की शहर वाढते तेव्हा ते आधी जागा घेते आणि माणसं नंतर येतात.

खाली मित्राचा प्रश्न : "किती देऊ?"

मी लिहिलं, तीनपैकी तीन. त्यानं दोन दिले. एक का कापला विचारलं तर म्हणाला, "मुद्दे घालून नाही लिहिलं." मग बऱ्याच वेळानं त्याचा आणखी एक मेसेज आला. या वर्षी जूनमध्ये दहावा धडा आधी घेणार आहे, फळ्यावरचा तो नकाशा मोठ्या कागदावर काढून ठेवायचा आहे, पुण्याहून येताना दोन ड्रॉइंग शीट घेऊन ये.